सेंट जाइल्सचे मंदिर आणि जॉन नॉक्स

स्कॉटलंड देशाची राजधानी एडिंबरो ही डोंगरउतारावर वसलेली जुनी नगरी आहे. तिच्या पश्चिमेस उंच खडकावर किल्ला आहे, पूर्वेस सखल भागी होलीरूडचा राजवाडा आहे, आणि ह्या दोहोंस जोडणारा जुना राजमार्ग उतरत उतरत सुमारे एक मैल गेला आहे. त्या राजमार्गावर किल्ल्यापासून थोड्या अंतरावर एक प्राचीन दगडी उपासनामंदिर उभे आहे. त्यास सेंट जाइल्सचे मंदिर असे म्हणतात. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस ते प्रत्यक्ष पाहण्याचा योग यावयाचा नाही. म्हणून आज आपण मनाने त्याच्या दारापाशी जाऊ, आणि ज्या मनुष्याच्या उपदेशाने ते मंदिर, आणि त्याबरोबर तो सगळा देश, पालटून गेला, त्याची हकीकत आम्ही थोडक्यात सांगू.

ह्या स्थळी पहिले देऊळ इसवी सनाच्या बाराव्या शतकात बांधण्यात आले. १३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड ह्याच्या सैन्याने शहर जाळले, तेव्हा देवळासही आग लागली. पुढील शंभर सव्वाशे वर्षांत लोकांनी ते पुन्हा उभारले व वाढविले. ज्या पद्धतीला गॉथिक असे नाव आहे त्या पद्धतीचे हे काम आहे. तीत कमानी अर्धवर्तुळाकार नसून वर टोकदार असतात, जणू काय प्रार्थनेत जोडलेले दोन हात. अशा कमानीमुळे छताचा भार खांबांवर उतरतो, भिंती उंच नेता येतात, आणि त्यांत मोठमोठ्या खिडक्या ठेवता येतात. मंदिराच्या मध्यभागी मनोरा आहे, आणि त्याच्या माथ्यावर आठ दगडी कमानी चोहोंकडून येऊन मधोमध मिळाल्या आहेत. दुरून पाहणारास शहराच्या मस्तकी कोणी मुकुट ठेवला आहे असे वाटते. पंधराव्या शतकात हा मुकुट चढविण्यात आला. त्या काळी आत निरनिराळ्या संतांच्या नावाच्या कित्येक वेदी होत्या, आणि संत जाइल्सच्या बाहूचे म्हणून एक हाड मोठ्या आदराने जतन केलेले होते.

हा मुकुट चढल्यानंतर, १५१४ च्या सुमारास, एडिंबरोच्या पूर्वेस काही कोसांवर हॅडिंग्टन नावाच्या गावी जॉन नॉक्स ह्याचा जन्म झाला. त्याचे कुळ थोर नव्हते. त्याने विद्या संपादन केली, आणि १५३६ साली रोमन मंडळीत त्याची याजक म्हणून नेमणूक झाली. परंतु त्यास कोठे मंडळी मिळाली नाही. तो दस्तऐवज लिहिण्याचे काम करी, आणि पुढे दोन जमीनदारांच्या मुलांस शिकवू लागला. तीस वर्षांचा होईपर्यंत ह्या मनुष्याचे नाव कोणास ठाऊक नव्हते.

ह्या समयी जॉर्ज विशार्ट नावाचा एक सौम्य व विद्वान उपदेशक स्कॉटलंडात गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरत होता. त्याच्या जिवास भय असल्यामुळे त्याच्या पुढे एक जण दुहेरी मुठीची मोठी तलवार घेऊन चालत असे. ते काम नॉक्सने आपणाकडे घेतले. शेवटी विशार्ट पकडला जाणार असे दिसू लागले, तेव्हा नॉक्स त्याच्याबरोबर जावयास सिद्ध झाला. पण एका बळीने पुरे आहे, तू आपल्या विद्यार्थ्यांकडे परत जा, असे सांगून विशार्टने त्यास माघारी पाठविले. १ मार्च १५४६ रोजी सेंट अँड्र्यूज येथे कार्डिनल बीटन ह्याच्या किल्ल्यासमोर विशार्ट ह्यास जाळण्यात आले. तीन महिने लोटले नाहीत तोच काही सरदारांनी त्या किल्ल्यात शिरून बीटन ह्याचा खून केला व किल्ला बळकावला. हा खून सूडाचा होता, आणि त्यात राजकारणही मिसळलेले होते. नॉक्सचा त्यात हात नव्हता. तथापि पुढे त्याने त्या कृत्याविषयी लिहिताना खेद दाखविला नाही, समाधानच दाखविले. हे आम्हांस वाचकांपासून झाकून ठेवावयाचे नाही.

१५४७ च्या वसंत ऋतूत नॉक्स आपल्या विद्यार्थ्यांसह आश्रयासाठी त्याच किल्ल्यात गेला. तेथे तो मुलांस शास्त्र शिकवी, आणि मोठी माणसेही ऐकावयास बसत. किल्ल्यातील लोकांचा उपदेशक जॉन रफ ह्याने त्याचे गुण ओळखले. एके दिवशी भर उपासनेत, पाळक निवडण्याचा मंडळीला काय अधिकार आहे ह्या विषयावर उपदेश केल्यानंतर, रफ नॉक्सकडे वळला आणि सर्वांच्या देखत त्याने त्यास देवाच्या व ह्या मंडळीच्या नावाने उपदेशकाचे काम पत्करण्याची आज्ञा केली. मंडळीने होकार दिला. नॉक्सच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या. तो उठला आणि आपल्या खोलीत जाऊन बसला. पुष्कळ दिवस त्याच्या मुखावर हसू दिसले नाही. ज्याच्या धीटपणाचा पुढे राजेराण्यांनी धसका घेतला, तो मनुष्य आपल्या पाचारणाच्या दिवशी लहान मुलासारखा रडला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. रफ पुढे १५५७ साली इंग्लंडात आपल्या विश्वासासाठी जाळला गेला.

नॉक्सची सेवा सुरू होऊन थोडेच महिने झाले असतील, तो जुलै १५४७ च्या अखेरीस फ्रान्सच्या आरमाराने किल्ला घेतला. नॉक्सला कैदी करून गलबतावर वल्ही मारण्यास लाविले. त्या काळी असे गुलाम साखळीने बांधलेले असत, आणि हात मंदावला की पाठीवर कोरडा पडे. ही शिक्षा त्याने एकोणीस महिने भोगली. एकदा कैद्यांनी चुंबन घ्यावे म्हणून मरियेचे रंगविलेले चित्र आणण्यात आले, तेव्हा एका कैद्याने ते घेऊन समुद्रात टाकून दिले. ही गोष्ट नॉक्सनेच आपल्या इतिहासग्रंथात नोंदली आहे, आणि तो कैदी तोच असावा असे पुष्कळांस वाटते. दुसऱ्या वेळी गलबत स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ असता तो आजाराने मरणोन्मुख पडला होता. सोबत्याने त्यास उठवून दूरवरचे मनोरे दाखविले व हे ओळखतोस काय असे विचारिले. नॉक्सने ते सेंट अँड्र्यूजचे मनोरे ओळखले, आणि ज्या ठिकाणी आपण प्रथम उपदेश केला तेथे पुन्हा उपदेश केल्यावाचून आपण मरणार नाही, असा भरवसा बोलून दाखविला. तो भरवसा बारा वर्षांच्या आत खरा ठरला.

१५४९ साली सुटका झाल्यावर तो इंग्लंडात गेला. तेथे बाळराजा सहावा एडवर्ड गादीवर होता, आणि धर्मसुधारणेचे काम जोरात चालले होते. नॉक्स राजाच्या उपदेशकांपैकी एक झाला. त्यास रॉचेस्टरचा बिशप करावे असे ठरले असता त्याने ते पद नाकारिले. १५५३ साली एडवर्ड मरण पावला व रोमन मताची मेरी ट्यूडर गादीवर आली, तेव्हा नॉक्सला देश सोडावा लागला. फ्रँकफुर्ट येथे थोडे दिवस काढून तो अखेर जिनीव्हा नगरीत स्थिरावला. तेथे जॉन कॅल्व्हिन ह्याच्या शिकवणुकीने चालणारी मंडळी त्याने पाहिली, आणि ख्रिस्ताची शाळा म्हणावी तर ही, असा तिचा ठसा त्याच्या मनावर उमटला. तेथील इंग्रजी भाषा बोलणाऱ्या निर्वासितांचा तो पाळक होता. मार्जरी बोज ही त्याची पत्नी. तिच्यापासून त्यास दोन मुलगे झाले.

जिनीव्हात असताना १५५८ साली त्याने एक पुस्तक छापिले, आणि ते त्याच्या फार अंगाशी आले. इंग्लंडात व स्कॉटलंडात त्या वेळी स्त्रियांच्या हाती सत्ता होती, आणि शुभवर्तमानाच्या लोकांचा छळ होत होता. त्या संतापात नॉक्सने असे प्रतिपादन केले की, स्त्रीने राज्य करणे हेच देवाच्या नियमाविरुद्ध आहे. पण त्याच वर्षी प्रोटेस्टंट मताची एलिझाबेथ इंग्लंडची राणी झाली. तिने ते पुस्तक कधी विसरले नाही. नॉक्सला आपल्या देशातून जावयाससुद्धा तिने परवानगी दिली नाही. छळ करणाऱ्याचा दोष दाखविणे हे संदेष्ट्याचे काम होय. परंतु तो दोष त्याच्या जातीच्या किंवा लिंगाच्या माथी मारणे हा अन्याय होय. ज्या लेखणीने तो सत्याची सेवा करू पाहत होता, त्याच लेखणीने त्याने आपल्या मार्गात धोंड आणून ठेविली.

२ मे १५५९ रोजी तो समुद्रमार्गे स्कॉटलंडास परत आला. नऊ दिवसांनी पर्थ येथे त्याने मूर्तिपूजेविरुद्ध उपदेश केला, आणि त्यानंतर जमाव खवळून मूर्ती फोडू लागला, मठ लुटू लागला. हे दंगेखोरांचे काम होते असे नॉक्सने म्हटले. पण वाऱ्याच्या दिवशी ठिणगी टाकणाराने आगीचा थोडा तरी विचार करावयास पाहिजे. जूनच्या २९ तारखेस तो सेंट जाइल्सच्या व्यासपीठावर चढला, आणि ७ जुलै रोजी एडिंबरोच्या लोकांनी त्यास आपला पाळक निवडिले. वेदी काढून टाकण्यात आल्या, भिंती चुन्याने पांढऱ्या झाल्या. लॅटिन भाषेतील विधीच्या जागी लोकांच्या भाषेत शास्त्राचे वाचन, प्रार्थना व उपदेश सुरू झाला, आणि जेथे प्रभुभोजनाचा प्याला सामान्य माणसास मिळत नसे, तेथे तो मेजाभोवती बसलेल्या शेतकऱ्याच्या व सुताराच्या हाती येऊ लागला.

ऑगस्ट १५६० मध्ये पार्लमेंटने सुधारकांस त्यांच्या विश्वासाची कबुली लिहून मागितली. सहा जणांनी ती चार दिवसांत लिहून दिली. त्या सहाही जणांचे नाव जॉन होते. १७ ऑगस्ट रोजी पार्लमेंटने ती मान्य केली. त्याच मंडळींनी मंडळीच्या व्यवस्थेचाही एक ग्रंथ तयार केला, आणि आमच्या मते नॉक्सच्या आयुष्यातील हे सर्वांत थोर काम होय. त्यात असे सुचविले होते की, जुन्या मंडळीचे जे मोठे उत्पन्न होते त्याचे पाळकांचा निर्वाह, गरिबांचे पोषण व मुलांचे शिक्षण ह्या तीन कामी विनियोग व्हावा. प्रत्येक मंडळीजवळ शिक्षक असावा. आणि श्रीमंताच्या मुलाप्रमाणेच गरिबाच्या हुशार मुलालाही वरच्या शिक्षणाची वाट मोकळी असावी. पण ज्या सरदारांनी मूर्ती फोडण्यास उत्साहाने टाळ्या दिल्या होत्या, त्यांनीच ह्या ग्रंथाकडे पाठ फिरविली; कारण मंडळीच्या जमिनी एव्हाना त्यांच्या खिशात गेल्या होत्या. पार्लमेंटने तो ग्रंथ मंजूर केला नाही. लोक दगडाची मूर्ती टाकावयास तयार होतात, पण द्रव्याची मूर्ती टाकणे त्यांस जड जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस मार्जरी मरण पावली, आणि दोन लहानग्यांसह नॉक्स मागे राहिला.

ऑगस्ट १५६१ मध्ये तरुण राणी मेरी फ्रान्सहून आपल्या राज्यात आली. तिचे वय अठरा वर्षांचे होते; ती विधवा होती, सुंदर व बुद्धिमान होती, आणि आपल्या जुन्या धर्मास चिकटून राहिली होती. तिने नॉक्सला वारंवार बोलावून घेतले. राजाने देवाच्या आज्ञेविरुद्ध आज्ञा केली तर प्रजेने काय करावे, हा त्यांच्या वादाचा मुद्दा होता. नॉक्स मागे सरला नाही. १५६३ साली तिच्या लग्नाच्या विषयावर तो व्यासपीठावरून बोलला, तेव्हा तिने त्यास बोलावून रडत रडत जाब विचारिला. तो स्थिर उभा राहिला. त्याची निर्भयता आम्हांस मान्य आहे. तथापि परक्यासारख्या आपल्याच देशात एकट्या पडलेल्या त्या मुलीशी बोलताना त्याच्या मुखातून थोडे अधिक मार्दव निघाले असते, तर सत्याचे काही कमी झाले नसते. त्याच वर्षी त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. पण सल्लागारमंडळाने त्यास निर्दोष ठरविले.

सेंट जाइल्सच्या व्यासपीठापुढे राजेही बसले. १५६५ साली मेरीचा नवरा डार्नली मंदिरात आला. त्याच्यासाठी मुद्दाम सिंहासन मांडिले होते. नॉक्सने त्या दिवशी दुष्ट राजांविषयी उपदेश केला, आणि तो नेहमीपेक्षा लांबला. डार्नली इतका रागावला, की घरी जाऊन त्यास जेवण गोड लागले नाही, आणि राजाराणी शहरात असेपर्यंत नॉक्सने उपदेश करू नये असा हुकूम निघाला. पुढील दोन वर्षांत डार्नलीचा खून झाला, व मेरीला राज्य सोडावे लागले. तिच्या बाळाच्या, म्हणजे सहाव्या जेम्सच्या राज्यारोहणाचा उपदेश नॉक्सने केला. राजप्रतिनिधी झालेला मरीचा सरदार हा त्याचा स्नेही व देशाचा आधार होता. त्यालाही जानेवारी १५७० मध्ये गोळी घालून ठार मारण्यात आले. त्याच्या प्रेतक्रियेच्या वेळी सेंट जाइल्समध्ये नॉक्सने उपदेश केला, तेव्हा मंदिरात जमलेल्या हजारो लोकांस अश्रू आवरले नाहीत. ह्या प्रसंगाचे चित्र मंदिराच्या एका रंगीत काचेच्या खिडकीत आजही दिसते.

त्याच वर्षी नॉक्सला अर्धांगाचा झटका आला. शहरात यादवी माजली, म्हणून १५७१ साली तो सेंट अँड्र्यूज येथे जाऊन राहिला. तेथील एका विद्यार्थ्याने त्याचे वर्णन लिहून ठेविले आहे. म्हातारा काठी टेकीत, दुसऱ्या हाताने चाकराचा आधार घेत हळूहळू देवळात येई. त्यास उचलूनच व्यासपीठावर चढवावे लागे, आणि आरंभी तो टेकून उभा राही. पण उपदेश रंगात आला म्हणजे आता हे व्यासपीठ मोडते की काय, अशी पाहणारास भीती वाटे. १५७२ च्या ऑगस्टात तो एडिंबरोस परतला. आता त्याचा आवाज इतका क्षीण झाला होता, की मोठ्या मंदिरात तो पोहोचेना. म्हणून लहान भागात त्याची उपासना होऊ लागली. ९ नोव्हेंबर रोजी त्याने जेम्स लॉसन ह्यास आपल्या जागी स्थापिले, आणि काठी टेकीत तो शेवटचा घरी गेला. २४ नोव्हेंबर रोजी त्याने आपली दुसरी पत्नी मार्गारेट हिच्याकडून करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचून घेतला, आणि मग योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय वाचावयास सांगितले. कारण आपल्या आत्म्याचा नांगर त्याने प्रथम तेथेच टाकिला होता. त्या रात्री तो प्रभूमध्ये निजला.

सेंट जाइल्सच्या शेजारच्या स्मशानभूमीत त्यास पुरण्यात आले. आज मंदिरात जाणारास त्याचा काशाचा मोठा पुतळा दिसतो. तो १९०६ साली उभारिला. पण कबर पाहावयाची असेल तर मागील आवारात जावे लागते. ती स्मशानभूमी केव्हाच नाहीशी झाली. आता तेथे फरसबंदी आहे, मोटारी उभ्या राहतात, आणि त्यांच्या खाली एक साधा दगड ती जागा दाखवितो. २०२२ साली राणी दुसरी एलिझाबेथ मरण पावली, तेव्हा तिची शवपेटिका ह्याच मंदिरात ठेविली होती, व हजारो लोक रांगेने तिच्यापुढून नमन करीत गेले. स्त्रीच्या राज्याविरुद्ध लिहिणाऱ्या त्या पाळकाच्या मंदिराने एका स्त्रीस, सत्तर वर्षे राज्य केलेल्या राणीस, असा आदराचा निरोप दिला. देव आपल्या सेवकांच्या चुकाही काळाच्या हाताने दुरुस्त करितो.

आणि त्या नाकारलेल्या ग्रंथाचे काय झाले? नॉक्स मेला तेव्हा प्रत्येक मंडळीजवळ शाळा असावी ही गोष्ट कागदावरच होती. परंतु ते बी मेले नाही. १६९६ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने प्रत्येक पॅरिशात शाळा ठेवण्याचा कायदा केला, आणि गरीब शेतकऱ्यांची मुले वाचू लिहू लागली. त्याच देशाचे मिशनरी १८२३ साली कोकणात आले, तेव्हा बाणकोट व हर्णै ह्या भागात त्यांनी शाळा चालविल्या. एडिंबरोस शिकलेले डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट ह्यांनी मुलींसाठी शाळा काढिल्या, आणि डॉ. विल्सन ह्यांनी १८३२ साली जी शाळा घातली तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. ज्या काळी आमच्या देशात मुलीच्या हाती पाटी देणे हे पाप समजत, त्या काळी ती पाटी कोठून आली हे शोधीत गेलो, तर तिचा एक धागा सेंट जाइल्सच्या त्या व्यासपीठापर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रिय वाचकहो, आपल्या खेड्यांतील उपासनामंदिरांना दगडी मुकुट नाहीत. कोठे पत्र्याचे छप्पर आहे, कोठे मातीच्या भिंती आहेत, कोठे लिंबाच्या झाडाखालीच मंडळी जमते. ह्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. नॉक्सचे पाचारण मोठ्या मंदिरात झाले नाही. वेढलेल्या किल्ल्यात, मूठभर लोकांच्या मुखाने झाले. आपल्या मंडळीतही एखादा भित्रा, रडणारा तरुण मागच्या रांगेत बसलेला असेल. जॉन रफप्रमाणे त्यास ओळखणारे डोळे वडीलवर्गाजवळ आहेत काय? आणि मंदिरासाठी आपण वर्गणी गोळा करितो, त्याप्रमाणे ज्या घरची मुलगी फीसाठी शाळेतून निघणार आहे तिच्यासाठीही आपली पेटी उघडते काय? एडिंबरोच्या सरदारांनी ह्या प्रश्नाचे उत्तर टाळिले, आणि त्यांच्या देशाला शंभराहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. आपण ते टाळू नये.

नॉक्सचे धैर्य आपण घ्यावे, आणि त्याच्याजवळ जे मार्दव कमी होते ते प्रभूजवळ मागून घ्यावे. मग आपल्या कबरेवर दगड राहिला काय किंवा न राहिला काय, आपण शिकविलेले लेकरू शास्त्र उघडून वाचील, आणि तेवढे आपल्यास पुरे आहे.